खबऱ्याचं नाव झाकताना

संस्थान विलीन झाल्यानंतरच्या वर्षांत मी कोल्हापुरात पोलिसांच्या गुप्त शाखेत कारकून होतो. खबऱ्यांच्या नावांचं कपाट माझ्या ताब्यात असे आणि त्या किल्लीचा मला मोठा ताठा होता.

गंगावेशीकडच्या एका छापखान्यात खिळे जुळवणारा माणूस तेव्हा स्थानबद्ध झाला. घरात स्फोटकं लपवल्याची खबर होती. झडतीत काहीच मिळालं नाही, तरी खबर ‘खात्रीची’ म्हणून त्याला आत ठेवलं. काही महिन्यांनी अशी प्रकरणं तपासायला एक निवृत्त न्यायाधीश आले. आमचे साहेब फिरतीवर होते, म्हणून कागद घेऊन मीच त्यांच्यापुढे उभा राहिलो.

“खबऱ्याचं नाव मला नको,” ते म्हणाले. “ते झाकून ठेवा. एवढंच सांगा, त्यानं हे स्वतः पाहिलं होतं का? आणि या माणसाशी त्याचं काही वाकडं आहे का?”

दोन्ही उत्तरं मला ठाऊक होती. खबऱ्या त्याचा शेजारी होता. परड्याच्या भिंतीवरून दोघांचं हाडवैर होतं आणि त्यानं पाहिलं काहीच नव्हतं. ‘पाहिलं नाही, वाकडं आहे’ एवढंच बोललो असतो तरी नाव फुटलं नसतं.

“गोपनीय आहे, साहेब,” मी म्हणालो. वर कुणी न विचारता जोडलं, “माणूस विश्वासू आहे.”

त्यांनी कागदावर सही केली. स्थानबद्धता कायम राहिली.

पुढं तो खबऱ्याच एकदा कचेरीत आला. सहज म्हणाला, “त्येची म्हातारी आई गेली की. पुढचा खांदा मीच दिला. कुणाला संशय नगं यायला.” मी मान खाली घालून लिहीत राहिलो.

तो खिळे जुळवणारा सुटल्यावर एकदा मंडईत माझ्या सायकलपुढे येऊन उभा राहिला.

“तुमी त्या कचेरीतलं न्हवं? नाव न्हाय इचारत. आमच्या गल्लीतलाच हाय का, एवढं सांगा. समद्यांकडंच वाकड्या नजरंनं बघाय लागलोय की मी.”

“मला ठाऊक नाही,” मी म्हणालो.

तिथं गप्प बसणं माझं कामच होतं. एका शब्दानं डोकी फुटली असती. न्यायाधीशांपुढं मात्र मी खबऱ्याला वाचवत नव्हतो. आमची चूक झाकत होतो.

“बरं, ऱ्हाऊ दे,” तो म्हणाला आणि बाजूला सरून त्यानं माझ्या सायकलला वाट करून दिली.