सुभद्राबाईंच्या शब्दावर

नवागामच्या सुभद्राबाईंची खाणावळ म्हणजे चाळीस लूम कामगारांचं, यंत्रमागावरच्या माणसांचं घर. पारोळ्याहून नवऱ्यामागे सुरतेला आल्या, नवरा गेल्यावर पोळपाट-लाटणं घेऊन उभ्या राहिल्या, त्याला आता बावीस वर्षं झाली. दुपारी रिक्षात डबे भरून त्या उधन्याच्या लूम कारखान्यात जातात. त्या गेटातून बाहेरची बाई आत जात नाही; सुभद्राबाईंना मात्र वॉचमनने कधी हटकलेलं नाही. जेवणाची वाट अडवायची कुणाची छाती आहे?

कुणाला पोटाच्या दुखण्यामुळे तिखट चालत नाही, कुणाचं बायकोशी बिनसलंय, सगळं त्यांना ठाऊक. जिभेने फटकळ, पण एकाची गोष्ट दुसऱ्याला सांगतील तर शपथ. माणसं त्यांच्याकडे टिकून आहेत ती याच विश्वासापायी. चव तशी बेताचीच आहे, पण तसं तोंडावर सांगायची हिंमत आजवर कुणी केलेली नाही.

साक्षी ही उधन्याच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली, बडोद्याला फोटोग्राफी शिकून आलेली मुलगी. तिला लूमवरच्या माणसांचं जगणं टिपायचं होतं. त्यासाठी तिने थेट शेठची परवानगी मिळवली आणि तिथेच फसली. शेठचा माणूस बरोबर फिरतोय म्हटल्यावर मोकळं कोण वागणार? काम सोडून कोण किती वेळ बसतं ते टिपायला ही आली आहे, असा समज पसरला तो पसरलाच. तीन दिवस तिला नुसत्या पाठी आणि ताठ चेहरे मिळाले. चौथ्या दिवशी ती खाणावळीत येऊन हिरमुसून बसली. सुभद्राबाईंनी सगळं ऐकून घेतलं, तिला यथेच्छ झापलं आणि ताटात आणखी एक भाकरी वाढली.

"कॅमेरा आठेच ठेव," त्या खाणावळीतल्या फळीकडे बोट दाखवत आपल्या अहिराणीत म्हणाल्या. "पंधरा दिन मनासंगे डबा उचल."

तिने त्यांच्याबरोबर डबे उचलले. कुणाचा डबा बिनलसणाचा, कुणाला ठेचा दुप्पट, हे तिला पाठ झालं, आणि तिचं नावही माणसांच्या तोंडी बसलं. सोळाव्या दिवशी डबे वाटताना सुभद्राबाईंनी प्रत्येकाला सांगितलं की ही पोरगी माझी. ज्याला स्वतःचा फोटो नको असेल त्याचा ती ठेवणार नाही, माझा शब्द. असा शब्द त्यांनी पूर्वी कुणासाठी टाकला नव्हता.

मग मात्र फोटो आले. माणसं कॅमेरा विसरून गेली. नवागामच्या हॉलमध्ये ते सगळे लावायचं ठरलं. त्यात एक फोटो सगळ्यांना पुरून उरणारा होता. लखन नावाचा तरुण कामगार, घामाने भिजलेलं बनियन, एका हाताने घास तोंडाशी आणि दुसरा हात मागाच्या तुटलेल्या धाग्यावर. साक्षीने तो दाखवला आणि लखनचा चेहराच उतरला. त्याने सुभद्राबाईंना बाजूला घेतलं.

"मावशी, घरमा सांगेल शे, मी हापिसमा बसस."

त्याच्या गावची अर्धी माणसं नवागामात राहतात. फोटो भिंतीवर लागला की संध्याकाळच्या आत गावाकडे त्याच्या बायकोला कळणार होतं. साक्षी हट्टाला पेटली. फोटो काढताना त्याने कुठे नको म्हटलं होतं? सगळं प्रदर्शन या एका फोटोवर उभं आहे, आणि तोच काढून टाकायचा? सुभद्राबाई पहिल्यांदाच घाबरल्या. चाळीस माणसं आता त्यांच्या शब्दाकडे बघत होती, आणि पोरीचं दुःखही खोटं नव्हतं. फोटो त्यांनाही फार आवडला होता.

"तुना फोटो खरा शे," त्या हळूच म्हणाल्या, "म्हनीसनच त्याले भीती वाटस."

साक्षीने कॅमेरा उचलला. मग लखनसमोर जाऊन तिने तो फोटो सगळीकडून पुसून टाकला. परतताना रिक्षात तिला रडू आवरेना. सुभद्राबाईंनी तिचा हात धरून ठेवला. त्यांचेही डोळे भरून आले होते.

फोटो गेला, पण लखनच्या मनातून तो जाईना. चार दिवसांनी दोघी डबे घेऊन पोचल्या, तेव्हा त्याने माग चालू असतानाच बायकोला व्हिडिओ कॉल लावला होता. त्या खडखडाटात शब्द ऐकू येण्याची सोय नव्हती. त्याने फोन फिरवून माग दाखवला, धागे दाखवले, स्वतःचं भिजलेलं बनियन दाखवलं. बायकोने वाकून वाकून ते सगळं पाहिलं. मग तिने बोटं जुळवून तोंडाशी नेली, जेवलात का म्हणून. लखनला हसूही आलं आणि रडूही.

साक्षीचा हात कॅमेऱ्याकडे गेला आणि थांबला. तिने सुभद्राबाईंकडे पाहिलं. त्या तिच्या कानाशी आल्या.

"माले नको इचारू. त्याले इचार."

तिने खुणेनेच विचारलं. लखनने डोळे पुसले आणि फोन तिच्याकडे वळवून बायकोला कॅमेरा दाखवला. बायकोने घाईघाईने पदर सारखा केला. मग लखनने मान डोलावली.