जालन्याच्या बागेतली मोसंबीची अकरा झाडे

माघ वद्य पंचमी, रविवार. खिशात हाली (निजामी नाण्यातले) दहा रुपये आणि सोबत मेहुणे विठ्ठलराव. सकाळी सातला आम्ही मंठ्याहून जालन्याच्या मोटारीत बसलो. भाडे वेगळे बांधले होते. हे दहा रुपये जालन्याच्या बागेतले पूर्वीचे माळी देवबा यांना द्यायचे होते.

वाटूरजवळ टायर बसले. रस्त्याकडेला भाकरी आणि ओला हरभरा खात तासभर गेला. मी सारखा उठून बघत होतो. मेहुणे म्हणाले, "दाजी, सहा वर्षं गेली, मंग एका तासानं काय होतंय?"

ही बाग स्टेशनच्या वाटेवर आहे. पूर्वी तिथे कापसाच्या गाड्या सुटत. विहीर बैलांसाठीच खोदलेली. बाजार हलल्यावर कचेरीने कठडा घालून बाग केली. माझ्या पावलांनी लांबी बहात्तर, रुंदी चाळीस. दगडी बाके चार, मधोमध विहीर, पश्चिमेला मोसंबीची अकरा झाडे.

सहा वर्षांपूर्वी पौषात गाडी चुकली म्हणून मी इथे बसलो होतो. मोसंबीची पाने पिवळी पडून गळत होती, विहीर भरलेली, आणि देवबा बिडी ओढत बसलेले. मी कापूस पिकवणारा. घरी जाऊन कचेरीला दरखास्त (अर्ज) लिहिली: झाडे अकरा, विहिरीत पाणी भरपूर, माळी रिकामा. देवबांना काढल्याचे कळले तेव्हा मला बरेच वाटले होते.

यंदा मंठ्यात शेजाऱ्याने मोसंबीला ताण दिला (बहरासाठी महिनाभर पाणी तोडले). पाने तशीच पिवळी झाली. पुन्हा पाणी दिल्यावर झाडे फुलांनी पांढरी झाली. तेव्हा कळले, मी काय लिहिले होते.

आता बाग हिरवीगार होती. मी अकराही झाडे हिंडून पाहिली. एकावरही फूल नव्हते.

फाटकाशी एक बाई बोरे विकत होती. तिला देवबांचे विचारले.

"माझे मालक. दोन साल झाले जाऊन," ती म्हणाली. तिचे नाव गयाबाई.

"ती दरखास्त माझी होती," मी म्हणालो.

तिने बोरांवरची माशी हाकलली. "कचेरीत वाचून दावल्ती. झाडं बराबर मोजल्ती तुमी."

"चूक झाली, बाई."

"ते इथंच बसल्ते, तुमच्या समोर. एक सबद इचारायचा व्हता." मग झाडांकडे बघून म्हणाली, "आता रोज पाणी पाजून राह्यले. कोन तक्रार करतंय?"

मी दहा रुपये पुढे केले.

"ते ठिवा. बोरं पायजेत का? दोन आणे शेर."

परतीच्या मोटारीत मेहुण्यांनी बोरे खाल्ली. मला एकही गेले नाही. देवबांशी बोलायला तेव्हा गाडी येईपर्यंत तीन तास होते. ते मी झाडे मोजण्यात घालवले.

गयाबाईंना दोन आणे दिले, बोरांचे. दहा रुपये तसेच मंठ्याला परत आले.