कुंदाचा धाकटा दिवा

कुंदा पहिल्यांदा आमच्याकडे आली ती वरची खोली भाड्यानं बघायला. खोली बघायला येणारी माणसं काय विचारतात? पाणी केव्हा येतं, बाथरूम वेगळी आहे का, दार किती वाजता लावता. ही बाई आत आली, चपला काढल्या आणि तडक माझ्या स्वयंपाकघरात शिरून भिंतीवरून हात फिरवायला लागली. तळहात काळा झाला तो माझ्यापुढे धरून म्हणाली, "काकू, ही भिंत तुमचा अर्धा दिवा खाऊन राहिली जी."

माझी फोडणी तडतडत होती. म्हटलं, "भिंत काय खाणार बाई? तिला तोंड आहे का?"

"तोंड नाही, पण भूक लय आहे. चुना लावून पाहा. बल्ब हाच ठेवा. उजेड नाही वाढला तर मला खोली देऊ नका."

आमच्या ह्यांना असल्या पैजा आवडतात. त्यांनी चुना लावून घेतला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शिलाईचं घरी आणलेलं काम घेऊन बसले आणि पहिल्या झटक्यात सुईत दोरा गेला. "त्या नागपूरच्या पोरीला सांग, सामान घेऊन ये," म्हणाले.

आम्ही बंगळूरला चामराजपेटेत तीन पिढ्यांचे. घरात मराठी, दारात कन्नड, आणि रागावलो की दोन्ही. ह्यांचं शिंप्याचं दुकान. कुंदाचं सगळंच वेगळं. तेव्हा, म्हणजे नव्वदीच्या मधल्या वर्षांत, पुण्या-नागपूरची शिकलेली पोरं बंगळूरला यायची ती कॉम्प्युटरसाठी. कुंदाच्या कॉलेजातल्या दोघी-तिघी तशाच आल्या होत्या. रविवारी माझ्याकडे जेवायला यायच्या आणि हिला चिडवायच्या, "आम्ही थंडगार ऑफिसात बसतो, आणि तू बसच्या टपावर वायरींची भेंडोळी चढवतेस!" कुंदा पोळी मोडता मोडता म्हणायची, "तुमचं मशीन बंद पडलं तर साहेब ओरडते. माझं बंद पडलं तर कोणी तरी अंधारात जेवते."

तिचं काम होतं खेड्यापाड्यांत उन्हावरचे दिवे बसवायचं. एका घरासाठी नव्हे, आख्ख्या वस्तीसाठी. देवळाच्या छपरावर काचेच्या पट्ट्या, मागच्या खोलीत बॅटऱ्यांची रांग, आणि तिथून निघालेली एकच वायर घराघरातून शेवटपर्यंत. दिवसभर ऊन जमा करायचं आणि संध्याकाळी सगळ्यांनी वाटून घ्यायचं. मला हे समजावताना ती म्हणायची, "समजा, एकच पातेलं आहे आमटीचं आणि पंगत लांब. पहिल्यांनीच वाडगे भरभरून घेतले तर शेवटच्या पानात काय पडेल?" आणि मग तिचं ठरलेलं वाक्य, "दिवा लावता कोणालाही येते, काकू. पुरवता आला पाहिजे."

गंमत म्हणजे ती तिकडे दिवे लावायला जायची आणि इकडे चामराजपेटेत लोडशेडिंग. मी मेणबत्ती घेऊन दार उघडायची. ती हसत हसत आत यायची, "नमस्कार! मागासलेली वस्ती हीच का?"

आणखी एक खोड होती तिची. कुठल्याही खोलीत गेली की सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात उभी राहून पर्समधला वर्तमानपत्राचा तुकडा मोठ्यानं वाचायची. वाचता आलं तर उजेड पास. मी एकदा म्हटलं, "अगं, त्या वस्तीतल्या बायका संध्याकाळी पेपर वाचतात का? ताटात तांदूळ घे. खडा दिसला तर दिवा, नाही तर नुसतं नाव." तिनं डोळे मोठे केले. त्या दिवसापासून पर्समध्ये खडे घातलेले तांदूळ. पुढे कोणी तरी तिला मंद दिव्यांच्या मोठ्या हॉटेलात जेवायला नेलं, तर हिनं टेबलावर तांदूळ पसरून निवडायला घेतले. वेटर धावत आला, त्याला वाटलं भातात खडे निघाले!

कनकपुऱ्याच्या बाजूला, डोंगराच्या आडोशाला एक वस्ती होती. विजेचे खांब तिथवर पोचलेच नव्हते. कुंदानं तिथे दिवे बसवले, घरटी दोन. वायरीच्या अगदी शेवटी गौरम्माचं घर. गौरम्मा रेशमाचे किडे पाळायची. बांबूच्या मोठ्या तट्ट्यांवर हजारो किडे, त्यांना वेळेवर तुतीचा पाला चिरून घालायचा. रॉकेलचा दिवा लावला की धुरानं किडे मरगळायचे. नवरा लॉरीवर, घरात ती आणि म्हातारी सासू. कुंदा तिला म्हणून बसली होती, "या खेपेला जास्तीचे किडे घे. उजेडाचं मी बघते." आणि बिचारीनं घेतले.

झालं काय, की जेवणाच्या वेळेलाच गौरम्माचा दिवा पिवळा पडायचा आणि विझायचा. मग बाकीच्यांचेही. कुंदानं जाड वायर टाकली. पट्ट्यांवरची धूळ रोज पुसायला लावली. घराघरात चुना मारला. थोडा फरक पडला, पण पुरेसा नाही. कोणी चोरून टीव्ही लावतं का, तेही पाहून झालं. शेवटी तिच्या साहेबांनी सांगितलं, "महिनाअखेरपर्यंत जमलं नाही तर शेवटच्या घराची वायर काढून टाका. बाकीची घरं तरी नीट चालतील."

त्या दिवशी कुंदा जेवली नाही. म्हणाली, "माझ्या शब्दावर किडे घेतले न तिनं. आता तिला काय सांगू, तुझं घर लांब आहे?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काकू, तुम्ही चला माझ्यासंगं. मी बायकांना सांगून राहिली, काम झालं की दिवा बंद करा. त्या 'सरी, सरी' करत हो म्हणतात आणि करत नाहीत. काहून करत नाहीत ते तुम्हीच विचारा. माझं कन्नड बस कंडक्टरकडून शिकलेलं आहे, त्यात 'पुढे सरका'च्या पुढे काही येत नाही."

ह्यांच्या जेवणाचं झाकून मी निघाले. पोचलो तेव्हा दिवेलागण होत आली होती. पहिलंच घर पुट्टम्माचं. तिनं हातपाय धुतले, दिव्याच्या बटणाला हळदकुंकू लावलं, बटण दाबलं आणि हात जोडले. पुढच्या खोलीतला दिवा, मग आतला. मग बाहेर कट्ट्यावर येऊन शेंगा सोलत बसली. आत चिटपाखरू नाही आणि दोन्ही खोल्या लखलखीत. पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्याही घरी तेच.

मी परत येऊन पुट्टम्माशेजारी बसले, चार शेंगा सोलल्या आणि विचारलं, "पुट्टम्मा, आत कोणी नाही. आतला दिवा कशाला?"

"घरधनी यायचाय ना खाणीवरून. शेवटच्या बसनं येईल, मग तो बंद करेल."

"तू कर की. पोरांना सांग."

"पोरांनी हात लावला तर चापट खातील." मग तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं. "अक्का, तुमच्या घरी सवाष्ण बाई तिन्हीसांजेचा दिवा आपल्या हातानं घालवते का?"

देवाजवळची समई मी लग्न होऊन आल्यापासून कधी शांत केलेली नाही. तेल संपून ती आपली आपण जाते, नाही तर हे बघतात. बल्बचं बटण मात्र मी खुशाल बंद करते, कारण आमच्याकडे ती 'लाइट' आहे. पुट्टम्माच्या घरी हा सूर्याकडून आलेला पहिला दिवा होता. त्याला त्यांनी ओवाळून घरात घेतलं होतं. त्याला 'लाइट' कोण म्हणेल?

परतीच्या बसमध्ये मी कुंदाला हे सांगितलं. आधी तिनं कपाळावर हात मारला, मग इतकी हसली की कंडक्टर वळून बघायला लागला. "बाप्पा! मी बॅटऱ्या उघडून उघडून पाहून राहिली, आणि इकडे दिवे नवऱ्यांची वाट पाहून राहिले!"

साहेब म्हणाले, "अंधश्रद्धा आहे. समजावून सांगा त्यांना." त्यावर ही म्हणाली, "सर, तुमच्या घरी देवाजवळचा दिवा वहिनी फुंकर मारून विझवतात का?" साहेबांनी चष्मा पुसायला घेतला. घरी येऊन मला सांगताना म्हणाली, "मी त्यांना शहाणं करायला थोडीच गेली, काकू? उजेड द्यायला गेली. त्यांचं त्यांच्यापाशी राहू द्या. माझी वायर वाकते, तिलाच वाकवू."

पण वाकवणार कशी? दोन दिवस ती जेवतानाही ताटात बोटानं वायरी काढत होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जिन्यात खटक-खटक, खटक-खटक. बघते तर ही जिन्याच्या बटणाशी. आमच्या जिन्यातला दिवा खालून लावता येतो आणि वरून बंद करता येतो, तसलं बटण. मी ओरडले, "अगं, बटण मोडशील!" तर हिनं ते उघडूनच माझ्यापुढे धरलं.

"काकू, याच्या पोटात पाहा. याला 'बंद' माहीतच नाही! पत्ती इकडे चिकटते, नाही तर तिकडे. मधे कुठे थांबतच नाही. इकडच्या वायरीला मोठा दिवा लावला आणि तिकडच्या वायरीला इवलासा, तर? बाई बटण दाबेल, मोठा जाईल आणि त्याच क्षणी लहान येईल. दिवा विझलाच नाही न!"

दुसऱ्या दिवशी ती जे. सी. रोडवरच्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांत जाऊन स्कूटरच्या वेगाच्या काट्यामागे असतात तसले बोटाच्या पेराएवढे बल्ब घेऊन आली. मोठा दिवा वाटीभर वीज पितो म्हटलं तर हा चमचाभर. प्रत्येक घराच्या दोन्ही खोल्यांतल्या कोनाड्यात एकेक लहान, आणि त्याच्याशी जोडलेलं जिन्याचं बटण. सकाळी उजाडलं की देवळाचा पुजारी बॅटऱ्यांच्या खोलीतलं मोठं बटण खाली करणार, तिन्हीसांजेला पुन्हा वर. तो पुरुष, त्याला मुभा.

सगळं बसवून झालं त्या संध्याकाळी मी पुन्हा बरोबर होते. पुट्टम्माच्या अंगणात वस्तीच्या बायका जमल्या. दिवे लागले, आतला स्वयंपाक उरकला. आता बटण दाबायचं. पुट्टम्माचा हात पुढे जाईना. कुंदाही दाबेना. म्हणाली, "मी दाबून दाखवलं तर तो माझा दिवा होईल. तिचा तिनंच दाबू दे."

पुट्टम्मानं पदर डोक्यावर घेतला, डोळे मिटले आणि दाबलं. मोठा गेला. कोनाड्यात बोराएवढा पिवळा ठिपका उजळला. सगळ्या जणी बघायला लागल्या त्या दिव्याकडे नव्हे, दारात टेकून बसलेल्या पुट्टम्माच्या सासूकडे. ती वस्तीतली सगळ्यात थोरली. अज्जी काठी टेकत कोनाड्यापाशी गेली, वाकून बघितलं, बल्बपुढे तळहात धरला. बराच वेळ. कुंदानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगड्या रुतल्या.

अज्जी वळली. "दिवा आहे," म्हणाली. "धाकटा आहे, पण आहे. सरी."

मग काय, बायका आपापल्या घरी पळाल्या. अंगणात उभ्या उभ्या आम्हाला दिसत होतं, घरामागून घर लखलखीतचं मंद होत गेलं, पण अंधार कुठेच झाला नाही. आम्ही गौरम्माकडे गेलो. तिचा मोठा दिवा पांढरा स्वच्छ होता. ती पाला चिरत होती, आणि किड्यांच्या खाण्याचा आवाज येत होता, सुपात कोणी सावकाश तांदूळ पाखडावेत तसा. जेवणाची वेळ आली, सासूचं जेवण झालं, भांडी झाली. दिवा तसाच. कुंदानं पर्समधले तांदूळ तट्ट्याच्या कडेवर पसरले आणि एकेक खडा वेचून बाहेर टाकला. मग डोळे पुसले. "चुन्याची कणी गेली," म्हणाली. मीही हो म्हटलं.

गौरम्माची वायर राहिली. साहेबांनी पुढे दुसऱ्या वस्त्यांतही तसलीच बटणं बसवायला लावली. ती कल्पना कोणाची, हे कुंदानं कधी मिरवलं नाही. विचारलं तर म्हणायची, "चामराजपेटेच्या जिन्याची."

दोन-अडीच वर्षं राहून ती मेळघाटाकडे निघाली. तिथेही डोंगराआड वस्त्या होत्या. जायच्या आधी सगळ्यांना भेटून येते म्हणून कनकपुऱ्याकडे गेली. मी विचार करत होते, बायका रडतील, हिचा पाय निघणार नाही. संध्याकाळी उशिरा परतली. पुट्टम्मानं आणि बाकीच्यांनी तिची ओटी भरली होती. कुमारिकेची कोणी ओटी भरतं का? पण भरली होती. नारळ, खण, गूळ, सगळं माझ्यापुढे ठेवलं. चेहरा नुसता फुललेला.

म्हटलं, "गौरम्मा रडली असेल."

"छे! गौरम्माला वेळच नव्हता जी! किडे पिकले न तिचे आजच. कोष करायच्या चौकटींवर एकेक उचलून ठेवायचे असतात, थांबून चालत नाही. मी दारात उभी राहिली तर म्हणते, 'आलीस? हात धू, बस.' मीही बसली वेचायला. अंधार पडला, तिनं कोपरानं बटण दाबलं, वर पाहिलं नाही. हात नाही जोडले, काही नाही. सासूशी बोलून राहिली, मला शिव्या देऊन राहिली की हळू उचल, पोटं दाबू नको. निघताना म्हणते, 'जा, बस चुकेल.' झालं!"

"मग गं? वाईट नाही वाटलं?"

कुंदा माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मला इतकं साधं कळू नये याचंच तिला नवल.

"काकू," ती म्हणाली, "तासभर बसली मी तिथं. तिनं दिव्याकडे एकदाही पाहिलं नाही!"