दुपारी अडीचची थेमेलिना

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला, आमच्या कॅथरिन गावात गाडीचा एसी बिघडला की माणसं सकाळी सातला गॅरेजच्या दारात उभी राहतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात, इथल्या ऐन उन्हाळ्यात, तर सहालाच. दुपारी दोन वाजले की सगळे हातातले पाने टाकून घरी जातात, कारण त्यानंतर त्या पत्र्याखाली उभं राहणं म्हणजे स्वतःला भाजून घेणं. बावीस वर्षं मी इथे राहते, मलाही यात कधी काही वावगं वाटलं नाही. थेमेलिनाला वाटलं. आणि तिच्या दारात जायला मी तीन आठवडे लावले, ही माझी अक्कल.

मी डायलिसिसच्या पेशंटांची गाडी चालवते. सोमवार, बुधवार, शुक्रवार पहाटे नव्वद किलोमीटरवरच्या वस्तीतून डल्सी मावशीला आणि आणखी दोघांना आणायचं, आणि त्यांचं मशीनवरचं झालं की दुपारी परत सोडायचं. पहाटे काही त्रास नसायचा. परतीला मात्र अर्धा-पाऊण तास झाला, आंब्याच्या बागा संपल्या, की एसीतून गरम हवा यायला लागायची. बाहेर एकेचाळीस डिग्री, आत त्याहून जास्त. एका बुधवारी डल्सी मावशी माझ्या खांद्यावर मान टाकून पडली, आणि पुढचे चाळीस किलोमीटर मी एका हाताने गाडी चालवली आणि एका हाताने तिच्या तोंडावर पाणी मारलं.

ऑफिसातला क्लाइव्ह काही वाईट माणूस नाही, पण तो नियमावर बोट ठेवणारा. म्हणाला, "रोवेना, एसी नसलेल्या गाडीतून मी फार दिवस पेशंट नेऊ देणार नाही. दुसरी गाडी दक्षिणेच्या फेरीवर आहे. सोमवारी गाडी नीट पळाली तर ठीक, नाहीतर मंगळवारपासून आधी डल्सीला डार्विनला पेशंटांच्या हॉस्टेलवर हलवतो. पलंग सांगून ठेवलाय."

डार्विन तिथून तीनशे किलोमीटरवर. मी हे मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "माझी बहीण गेली होती त्या हॉस्टेलवर. परत आली, पण पेटीतून. मी नाही जायची, पोरी. मशीनच सोडेन."

मशीन सोडलं तर माणूस किती दिवस काढतं, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. मी म्हटलं, गाडी मी नीट करून आणते. बोलून गेले खरी, पण माझ्या हातात काय होतं?

तोवर गाडी तीनदा गॅरेजात जाऊन आली होती. दर वेळी सकाळी सातला, आणि दर वेळी आतून बर्फासारखं गार वारं. पहिल्या मेकॅनिकने गॅस मोजला, बरोबर होता. दुसऱ्याने उगीच पंखा बदलला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तिसरा ब्रेडन नावाचा पोरगेला मेकॅनिक, त्याने लॅपटॉप लावला, सगळं बघितलं आणि मला म्हणाला, "गाडीला काही झालेलं नाही, बाई. तुलाच गरम होत असेल. तुझ्या वयात होतं." मी त्याला काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. मग त्याने सुचवलं की कॉम्प्रेसरच नवा टाकू, ॲडलेडहून यायला तीन आठवडे लागतील.

शुक्रवारी परतीला गाडी पुन्हा तशीच तापली. शनिवारी सकाळी मी थेमेलिनाच्या दारात गेले.

थेमेलिना सत्तरीची. डार्विनमध्ये जन्मलेली, बाप ग्रीसच्या कालिम्नोस बेटावरून आलेला गवंडी. पोरींनी हत्यारांना हात लावायचा नाही, असा त्याचा शिरस्ता. ती एकोणीस वर्षांची असताना वादळाने डार्विन पार झोपवलं, यांच्या घरावर छप्पर राहिलं नाही. वीज महिनोन् महिने येईना. तेव्हा या पोरीने चिरडलेल्या गाड्यांमधल्या बॅटऱ्या काढून आळीतल्या अकरा घरांत दिवे लावले, आणि बाप गप्प बसला. पुढे लेफ्टेरिसशी लग्न केलं, कॅथरिनला आली, गाड्यांच्या विजेच्या कामाचं गॅरेज काढलं. पाटीवर नाव नवऱ्याचं, बोनेटमध्ये डोकं हिचं. गिऱ्हाईक यायचं आणि हिच्या पाठीकडे बघून विचारायचं, "मालक आहेत का?"

"आहेत. आत कॉफी करताहेत," ही म्हणायची. आणि लेफ्टेरिस खरोखरच कॉफी करत असायचा. पाना-पकडीत त्याला काडीचा रस नव्हता, पण कॉफी फक्कड करायचा.

चार वर्षांपूर्वी तो गेला आणि तिने गॅरेज बंद केलं. झालं, गावाने ठरवून टाकलं की काम येणारा माणूस गेला. मीही तेच धरून चालले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

ती पिठात हात घालून बसली होती. मी सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, "गाडी नेलीस कधी त्यांच्याकडे?"

"सकाळी. मग कधी नेणार?"

"पोराला दुपारी ताप चढतो, आणि तू त्याला सकाळी ताप उतरल्यावर डॉक्टरकडे नेतेस. डॉक्टर म्हणणारच, पोर ठणठणीत आहे. आज दुपारी दीडला निघ. हायवेवर पळव. गरम हवा आली की तशीच माझ्या अंगणात आण. इंजीन बंद करायचं नाही."

"दुपारी? थेमी, दुपारी कोण काम करतं?"

"म्हणून तर तुझे तीन आठवडे गेले."

अडीचला मी तिच्या अंगणात शिरले तेव्हा घामाने माझा शर्ट पाठीला चिकटला होता आणि एसी गरम फुंकत होता. ती ओला टॉवेल मानेवर टाकून उभीच होती. बोनेट उघडलं, गुडघ्यावर हात ठेवून वाकली आणि बराच वेळ नुसती बघत राहिली.

"इकडे ये. काय फिरतंय?"

"पट्टा फिरतोय. ती पुली फिरतेय."

"आणि पुलीच्या पुढची थाळी?"

थाळी जागच्या जागी उभी होती. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण उभी आहे एवढं दिसत होतं.

"एसी लावला की आतलं चुंबक या थाळीला ओढून पुलीला चिकटवतं. मग दोघी मिळून फिरतात आणि कॉम्प्रेसर चालतो. ही उभी राहिली की गार बंद." तिने तारेला छोटा दिवा लावून पाहिला, दिवा लागला. "वीज येतेय. म्हणजे चुंबक जीव तोडून ओढतंय, पण थाळी येत नाही. आता गाडीत बस आणि एसीच्या जाळीवर हात धर."

तिने झाडूचा लांब दांडा घेतला, त्याचं टोक थाळीच्या मधोमध टेकवलं आणि हलकेच दाबलं. खट् आवाज आला. थाळी फिरायला लागली, आणि माझ्या तळव्यावर गार वारं आलं.

मी तिथेच रडायला लागले. "रड नंतर, आधी इंजीन बंद कर," ती म्हणाली.

सगळं जरा निवल्यावर तिने मधला बोल्ट काढला, थाळी बाहेर ओढली. थाळीच्या मागे दोन पातळ चकत्या होत्या, नखाएवढ्या जाड. "घासून घासून मधली फट वाढलीय. सकाळी गार असताना चुंबकाला जोर असतो, ते ओढून घेतं. तापलं की जोर कमी पडतो, मग तेवढ्या अंतरावरून त्याच्याच्याने होत नाही. एक चकती काढली की फट कमी होईल."

"बस? आणि कॉम्प्रेसर?"

"त्याला काय धाड भरलीय?"

तिने एक चकती काढून माझ्या हातावर ठेवली, थाळी परत बसवली आणि पातळ पट्टी घालून फट तीनदा मोजली. तिचं तोंड लालबुंद झालं होतं, मधे दोनदा पालथ्या बादलीवर बसावं लागलं. मी म्हटलं, पुरे आता, उरलेलं संध्याकाळी कर. ती म्हणाली, संध्याकाळी केलं तर उन्हात टिकतंय का ते कळणार कसं? मला स्वतःची लाज वाटली. चार वर्षं मी या बाईच्या घरावरून रोज गाडी नेत होते.

रविवारी क्लाइव्हला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "झाडूच्या दांड्याने दुरुस्त केलीस गाडी? पलंग मी राखूनच ठेवतो. सोमवारी काय ते कळव."

सोमवारी परतीला थेमेलिना माझ्या शेजारी येऊन बसली, न विचारता. मागे डल्सी मावशी आणि ते दोघे. बेचाळीस डिग्री. आंब्याच्या बागा आल्या, संपल्या, गार वारं चालू होतं. मी श्वास सोडला, आणि तेवढ्यात थेमेलिनाने हात पुढे करून एसी बंद केला.

"काय करतेस गं बाई?" मावशी मागून ओरडली.

"चालू राहणं सोपं आहे," थेमेलिना म्हणाली. "बंद पडून पुन्हा लागला, तर खरा."

आम्ही चार किलोमीटर तसेच भाजत गेलो. मग तिने बटण दाबलं. पुढून खट् ऐकू आलं, आणि गार झोत थेट मावशीच्या तोंडावर गेला. मावशी आधी हळू हसली, मग खोकला येईपर्यंत हसली. तिचं बघून मागचे दोघेही हसायला लागले. थेमेलिनाने ते बटण आणखी सहा वेळा चालू-बंद केलं. सहाही वेळा लागलं. सातव्यांदा मी तिचा हात धरला.

वस्तीत पोचलो, मावशीला धरून तिच्या ओट्यावर नेलं. तेवढ्यात क्लाइव्हचा फोन आला. मी तो तसाच मावशीच्या हातात दिला. तिने आधी त्याचं सगळं ऐकून घेतलं.

"तो पलंग दुसऱ्या कुणाला दे," ती म्हणाली. "मी माझ्या घरात आहे. बुधवारी गाडी पाठव."