पहिलं नाव कुणाचं?

गेल्या महिन्यातला रविवार. रहाटणीतल्या एका सोसायटीचं क्लबहाऊस, एसी फुल्ल चालू, आणि तरी मी नव्या खेळाडूंच्या यादीनं वारा घेत बसलेली.

आमच्या भागातल्या बायकांची बास्केटबॉल लीग आहे. कुणी कंपनीत जाणारी, कुणी शिक्षिका, कुणी घर सांभाळणारी... शाळा-कॉलेजात खेळलेल्या आणि लग्नानंतरही खेळ न सुटलेल्या सगळ्या. जुन्या खेळाडू आपापल्या टीममध्ये राहतात, नव्या आलेल्यांमधून कॅप्टननं आळीपाळीनं एकेक नाव घ्यायचं. गेल्या वर्षी शेवटचा नंबर ज्यांचा, त्यांना पहिली निवड. म्हणजे आम्हाला, थेरगावला.

आणि यंदाही शेवटचे आलो तर लीगमधून बाहेर, हे आयोजकांनी आधीच सांगून ठेवलेलं. एवढ्या वर्षांची टीम, आणि तिची कॅप्टन मी.

सगळ्यांच्या तोंडी दोनच नावं होती. एक अंकिता, आमच्या डांगे चौकातलीच. बॉल घेऊन निघाली की तिला अडवायला दोघी लागतात. दुसरी मिलेना, सर्बियाची. चाकणच्या एका कंपनीत नवीन मशिनरी बसवायला आलेली इंजिनिअर. उंची सहा फूट तीन इंच! आदल्या दिवशी तळवड्याच्या ग्राउंडवर ट्रायल झाली, तेव्हा ती बास्केटखाली नुसती हात वर करून उभी राहिली तरी पोरी बॉल टाकायला बिचकत होत्या.

माझ्या शेजारी शबनम बसली होती. आम्ही कॉलेजपासून एकत्र खेळतोय. भावाबरोबर काळेवाडीत गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान चालवते, आणि आमच्या टीममध्ये बास्केटखालची जागा पहिल्यापासून तिची. आमच्यात सगळ्यात उंच तीच.

"मिलेना घे," ती म्हणाली. "डोळे झाकून घे."

मी नाही म्हणाले. मिलेनाची कंपनी तिला कधीही परत बोलावेल. मराठी नाही, हिंदी नाही. इथलं ऊन तिला झेपेल का? शिवाय ट्रायलमध्ये ती धावताना मागे पडत होती. अंकिता आपली आहे, रोज प्रॅक्टिसला येईल...

शबनम एकेक मुद्दा खोडत गेली. उन्हाचं म्हणशील तर मॅचेस सकाळच्या आहेत. भाषेचं काय, बॉल कुठं टाकायचा ते हातानं दाखवता येतं. अंकितासारख्या पळणाऱ्या दोघी आपल्याकडे आधीच आहेत. आमचा आवाज वाढला तसे पुढच्या रांगेतले लोक वळून बघायला लागले.

"थेरगाव, शेवटचा एक मिनिट!" माइकवरून आयोजक सर म्हणाले.

तेव्हा शबनमनं माझं मनगट धरलं. "ज्योती, खरं बोल. माझ्यामुळं नको म्हणतेयस ना?"

मी मनगट सोडवून घेतलं. मिलेना आली की शबनम बाकावर बसणार, हे दोघींनाही कळत होतं. बास्केटखाली दोघींना उभं केलं तर धावायला आम्ही कमी पडलो असतो.

"माझा गुडघा गेलाय," ती हळूच म्हणाली. "तुला माहितीये, मला माहितीये. आता समोरच्या टीमलाही कळायला लागलंय. मला सांभाळायच्या नादात टीम घालवू नकोस."

तिचे डोळे कोरडे होते. माझे नव्हते.

मी उठले. माइकपर्यंतचं अंतर संपता संपेना. अंकिता समोरच बसली होती, आपलंच नाव येणार म्हणून पर्स सावरून तयार... मी तिच्याकडे बघायचं टाळलं आणि म्हणाले, "मिलेना."

हॉलमध्ये कुजबुज झाली. पुढच्याच टीमनं अंकिताचं नाव घेतलं, आणि मला वाटलं, घालवलं आपण. रात्री जेवण गेलं नाही.

काल आमची पहिली मॅच झाली. नेमकी अंकिताच्या टीमबरोबर.

पहिला अर्धा भाग आठवायलाही नको वाटतो. बारा पॉइंटनी मागे. मिलेना हात वर करून उभी आणि आमचे पास तिच्या छातीपाशी. दर वेळी मधूनच कुणीतरी बॉल पळवायचं. आमच्यातली एक तर मला ऐकू जाईल असं म्हणाली, "अंकिता घ्यायला हवी होती."

हाफटाइमला शबनम बाकावरून उठली, लंगडतच मधे आली आणि आमच्यावर ओरडली, "वर टाका गं बॉल, वर! ती कुठं उभी आहे ते बघा. मी कुठं असायचे ते विसरा आता!"

खरंच आमचे हात अजून शबनमलाच पास देत होते.

मग तिनं मिलेनाला कोपऱ्यात नेलं. मोडकं इंग्लिश आणि खांद्याला धक्के... पाय कुठं रोवायचा, समोरचीला पाठीनं कशी अडवायची, सगळं करून दाखवलं. मिलेना मान हलवत होती. मॅच सुरू झाल्यावर पहिला पास मी मुद्दाम डोक्याच्याही वर फेकला. बाहेरच गेला असं वाटलं, तेवढ्यात तो लांब हात वर गेला आणि बॉल बास्केटमध्ये.

मग एकेक करत ते बारा पॉइंट भरून निघाले, एका पॉइंटनी पुढेही गेलो, पण शेवटपर्यंत अंकितानं आम्हाला नाचवलं. दोन सेकंद राहिलेले असताना तिनं मारलेला बॉल रिंगवर आपटून बाहेर आला, आणि मिलेनानं तो दोन्ही हातांनी पोटाशी धरला. एका पॉइंटनी जिंकलो.

सगळ्या मिलेनाकडे धावल्या. मी बाकाकडे गेले. शबनम गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसली होती. "बघितलंस?" एवढंच म्हणाली, आणि तोंड फिरवून टॉवेलनं डोळे पुसले.

शबनम, समोर बोलले तर तू "गप ए" म्हणशील, म्हणून सगळ्यांदेखत इथं लिहितेय. स्वतःची जागा स्वतःच्या हातानं सोडायला काय लागतं, ते मी त्या एका मिनिटात बघितलं. थँक यू गं.