सुनेला दिसलेले मासे

स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात पाणी बघायला जायचं, पण मासा पकडायचा नाही, हे माझ्या कोकणी डोक्याला पटायला फार वेळ लागला. श्रीवर्धनला मासा दिसला की आम्ही जाळं टाकायचो. दिसलेला मासा सोडून घरी येणाऱ्याला गावाने वेड्यात काढलं असतं. इथे टेक्सासच्या खाडीत रेडफिशच्या स्पर्धेची तयारी म्हणजे नुसतं बघणं. गुडघाभर पाण्यात लांब काठीने बोट ढकलत जायचं, कुठे तांबूस पाठ चमकते, कुठे काळ्या ठिपक्याची शेपटी पाण्याबाहेर येते ते हेरायचं आणि गुपचूप निघायचं. आज गळ लावला तर तो मासा शहाणा होतो आणि स्पर्धेच्या दिवशी तोंड दाखवत नाही. म्हणजे सगळा खेळ डोळ्यांचा. आणि माझे डोळेच दगा द्यायला लागले होते.

मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. उजव्या डोळ्याने पाहिलं की खाडीतला सरळ खांब मधेच वाकलेला दिसायचा, आणि बघायचं असेल नेमका तिथेच एक डाग. मी गॉगलला शिव्या घालायचो. नवा घेतला, तोही पुसून पुसून झिजवला. मुलाने डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली की मी काहीतरी कारण काढून कॅन्सल करायचो. भीती वाटत होती, दुसरं काही नाही. डोळे गेले म्हणजे बोट गेली आणि गाडीही गेली. ह्यूस्टनच्या आमच्या भागात गाडी नसलेला म्हातारा म्हणजे खिडकीतली कुंडी. कुणी उचलून ठेवेल तिथे राहायचं.

या स्पर्धेत दोघांची जोडी लागते. मुलाला बोट लागते, उलट्या होतात, त्यामुळे तो बाद. माझी जोडीदार माझी सून. ती नागपूरची, लग्नापर्यंत समुद्र फक्त सहलीत पाहिलेला. गेल्या वर्षी ती आपणहून म्हणाली की मी येते तुमच्याबरोबर, आणि मी हरखून गेलो. मंडळाच्या गणपतीत भेटेल त्याला मी ऐकवायचो की अशी नजर कोळ्यांच्या घरातसुद्धा सापडायची नाही. मी म्हणायचो, तो बघ. ती म्हणायची, हो बाबा, मोठा आहे. कधी म्हणून चुकली नाही.

तेच त्या सकाळी मला टोचायला लागलं. मी बोटीच्या मागच्या उंच कट्ट्यावर काठी घेऊन उभा, ती पुढे. ओहोटी लागली होती, वारा पडला होता. कालवांच्या शिंपल्यांच्या बांधाजवळ काहीतरी हललंसं वाटलं म्हणून मी हात केला. ती लगेच म्हणाली की दिसले, दोन आहेत. जवळ गेलो तर तिथे प्लॅस्टिकची पिशवी अडकलेली. तिने ती काढून बोटीत टाकली आणि मासे पळाले वाटतं असं म्हणाली. लहान मुलाची समजूत काढावी तसा तो आवाज होता. माझं डोकं फिरलं.

पुढे उघडी वाळू होती. मी उजवा डोळा मिटून डाव्याने नीट पाहून घेतलं. तो अजून धड होता. तिथे साधी बोय मासळीसुद्धा नव्हती.

"तिकडे बघ," मी म्हणालो. "थवाच आहे."

तिने गॉगल सारखा केला. "हो बाबा. मस्त दिसतायत."

"तिथे काही नाही. मी खोटं सांगितलं."

ती वळली नाही. मी काठी चिखलात रुतवून बोट थांबवली आणि तोंडाचा पट्टा सोडला. सासऱ्याचा मान राखायला घर आहे, इथे हो ला हो करून आपण सगळ्यांसमोर तोंडघशी पडणार आहोत, वगैरे. तिने सगळं ऐकून घेतलं.

"बाबा, स्पर्धेचं मला टेन्शनच नाहीये," ती म्हणाली. "मागच्या वर्षी तुम्ही स्टॉप साइनला थांबलाच नाहीत. शाळेतून येताना तुमची नात, पिल्लू, मागे बसली होती, तिने घरी सांगितलं. तेव्हापासून तिला आणायला मी जाते. तुम्हाला विचारलं तर तुम्ही चिडता, डॉक्टरकडे जात नाही. मग आम्ही ठरवलं, निदान पाण्यावर तुम्हाला एकटं सोडायचं नाही."

मी विचारलं, मग ही मासेमारीची आवड?

"मला माशांचा वाससुद्धा सहन होत नाही, बाबा."

मला राग यायला हवा होता, पण लाज वाटली. वर्षभर ही पोरगी पहाटे उठून, नाक मुठीत धरून, माझ्यावर नजर ठेवायला येत होती आणि मी गावभर तिच्या नजरेचं कौतुक सांगत फिरत होतो. मी पाण्याकडे नजर वळवली. इतक्यात गवताच्या कडेला एक शेपटी वर आली. तांबूस, ठिपक्यासकट, सावकाश हलणारी. या वेळी मी खोटं सांगत नव्हतो. मी तिला म्हटलं, ती शेपटी आहे का बघ, आणि मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस.

ती उठून उभी राहिली. बराच वेळ पाहत राहिली.

"नाही, बाबा. नुसतं गवत हलतंय."

मी उजवा डोळा हाताने झाकला आणि डाव्याने, त्या धड डोळ्याने पाहिलं. शेपटी तिथेच होती, ठिपक्यासकट. तिला ती दिसली नव्हती, पण या वेळी तिने दिसलं तेच सांगितलं होतं. मी काठी आडवी ठेवली आणि तिला म्हटलं, घरी जाताना गाडी तू चालव.