आमसुलानं उघडी पडलेली नावं

भांडुपच्या टेकडीवर जानकी घाडीला ओळखत नाही असा माणूस विरळा. आणि तिला निवांत बसलेली पाहिलेला तर एकही नाही. नळावर हंडा हिचा पहिला, भांडणात आवाज हिचा वरचा. संपात नवऱ्याची, दशरथची, गिरणी गेली तेव्हा शेजारणी रडल्या. ही घाटकोपरला गेली आणि श्यामकांतशेठच्या कारखान्याच्या दारात पाय रोवून उभी राहिली. "नवरा फिटर आहे माझा. काम द्या."

काम मिळालं तेही अजब. एकाहत्तरच्या लढाईतली एक बोट दारूखान्याच्या जहाजं तोडायच्या धक्क्यावर मोडीत निघाली होती. तिचं पितळ शेठनं उचललं होतं. दशरथनं ते घरी करवतीनं कापायचं, जानकीनं कानशीनं कडा मारून प्रत्येक तुकड्यावर '१९७१' ठोकायचं. मग शेठ ते मखमलीच्या डबीत घालून शौकिनांना विकणार. ज्यांनी खाऱ्या पाण्यात घोटा बुडवला नाही, त्यांच्या टेबलावर लढाईची आठवण! पण चूल पेटत होती.

शेठची अट एकच. "पितळ चमकवायचं नाही हां, बाई. काळं तेवढं खरं वाटतं. चकाकलं की कचरा."

शहाऐंशीच्या दिवाळीआधी शेठनं बोटीच्या इंजिनखोलीतली शेवटची पाटी आणून दिली. दीड फूट लांब, फूटभर रुंद, तेलकाजळीनं काळी ठिक्कर. "सोमवारी चोपन्न तुकडे पाहिजेत. याच्यावर पुढचं काम."

शनिवारी जानकीनं फूटपट्टी लावून खडूनं चौकोनांच्या रेघा ओढल्या. दशरथ नवी पाती आणायला गेला होता. हिच्या हाताला चैन कुठली? त्यात दिवाळी तोंडावर, समया-तांबे घासायला आमसुलं भिजत घातलेली. देवासमोर सगळं पितळ उजळलेलं आणि कोपऱ्यात हे काळं धूड. मालवणकडच्या बाईला ते कसं बघवणार? एकच कोपरा, म्हणत तिनं आमसूल आणि राख घेऊन पाटीला हात घातला.

काळं उतरलं तशी खाली अक्षरं दिसली. खिळ्यानं कोरलेली, वाकडीतिकडी. भिकाजी. महादू. वेसावे. डिसें. ७१.

आणि तिनंच ओढलेली, घासताना अर्धी पुसलेली रेघ 'महादू'च्या बरोबर मधून जात होती.

दशरथ आला, बघून कपाळावर हात मारला. "घासलंस? वाट लावलंस! शेठान काय सांगितल्यान?"

"हो माणूस मेलो काय जिवंत, ठाऊक आसा तुका? आणि करवत चालवतलंस?"

"आपलं पोट त्याच्यावर आसा, जानके."

"म्हणून मान कापतलंस कोणाची?"

रात्रभर ती कूस बदलत राहिली. रविवारी सकाळी पाटी जुन्या लुगड्यात गुंडाळली, सात-आठ किलोचं ओझं कमरेवर घेतलं आणि बस बदलत बदलत वर्सोव्याला, म्हणजे कोळ्यांच्या वेसाव्याला, उतरली. बोंबील वाळत होते. तिथल्या एका बाईला तिनं विचारलं, "भिकाजी म्हणून कोणी आहेत? नेव्हीतले?"

"माझाच घरवाला तो," सरूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "काय काम हाय गो तुझं?"

भिकाजी होडीच्या सावलीत जाळं विणत होता. पाटी उघडली तशी त्याची सुई थांबली. त्यानं ती सावलीतून उन्हात ओढली. मग म्हणाला, "कोनी घासली ही? आमचा चीफ शिव्या घालून थकला, कधी एवढी चमकली नाय."

"महादू कोण?"

"माझ्या बाजूच्या घरातला. लढाईत आमी दोघं खाली इंजिनावर. दिवस की रात, कळायचा नाय. तो बोलला, आपन वर नाय आलो तर बोटीला तरी नाव ठाव पायजे. मंग कोरलं." त्यानं समुद्राकडे हनुवटी केली. "लढाईतनं आला वर. मंग चार सालांनी मनोरीच्या समोर दर्यात सोताच्याच होडीवरनं गेला. अंग पन नाय गावला."

पाटी शेठची, उद्या तिचे तुकडे व्हायचेत, हे सांगून जानकीनं ती त्याच्याकडे सरकवली. "ठेवा."

"नाय. चोरीची नको. त्याची बायको कमळ हाय, तिला दे. पन मालकाला सांगून आन."

घरी आल्यावर तिनं जुन्या रेघा पुसल्या. नावांचे चार चौकोन एकाच पट्टीत सलग ठेवले आणि करवत दशरथच्या हातात दिली. तो कुरकुरला, पण त्यानं तसंच कापलं.

सोमवारी शेठ आला, त्यानं तुकडे मोजले. "पन्नास? चार कुठे?"

"हे काय." जानकीनं पट्टी पुढे धरली. "मी घासली. तुमच्या हिशोबानं कचरा. मी नेते."

शेठनं चष्मा वर केला, वाचलं आणि एकदम हसला. "अगं बाई, खऱ्या खलाशांची नावं! ह्या एका तुकड्याला बाकी पन्नासांपेक्षा जास्त गिऱ्हाईक. आण इकडे."

जानकीनं हात मागे घेतला. "त्यातला एक जिवंत आहे, शेठ. वेसाव्यात जाळी विणतो. दुसऱ्याचं प्रेतसुद्धा मिळालं नाही. त्याची बायको आहे. चला माझ्याबरोबर, तिच्या तोंडावर सांगा की नवऱ्याचं नाव मखमलीत घालून विकतो."

"नाटकं नकोत. पितळ माझं आहे. देणार नसशील तर उद्यापासून काम बंद."

जानकी काही बोलायच्या आत दशरथ उठला. काल रात्रीपर्यंत हाच माणूस पोटाचं रडत होता. त्यानं पन्नास तुकड्यांचा डबा शेठच्या हातात ठेवला आणि त्याच्या चपला दाराकडे सरळ करून दिल्या. "बंद तर बंद. पट्टी नाय मिळाची."

शेठ बडबडत उतरला.  जानकीनं पदर खोचला आणि तडक बस पकडली.

कमळ घराच्या ओट्यावर सुकट निवडत होती. सगळं ऐकून तिनं हात लुगड्याला पुसले, पट्टी मांडीवर घेतली. वाचता येत नव्हतं तिला. चकचकीत पितळावरून बोट फिरवत ती म्हणाली, "यातला त्याचा कुठचा गो?"

जानकीनं तिचं बोट धरून 'महादू'वर ठेवलं, आणि कमळ ते उचलेपर्यंत तिच्या शेजारी बसून राहिली.